सस्पेन्स खातं

एकदा राहून आलेल्या लॉजमध्ये माणसाने पुन्हा राहायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण माझी मतं आमच्या बँकेच्या काउंटरवरल्या पेनासारखी आहेत. दोरीने बांधलेली. दोरी संपली की मत संपतं. आणि दोरीचं दुसरं टोक घरी असतं.

"अहो, यंदा लग्नाच्या वाढदिवसाला माथेरानला जाऊ. त्याच बंगल्यात," सौ. म्हणाली.

"तो अजून उभा आहे?"

"नुसता उभा नाही, नवा केलाय. म्हणजे जुना केलाय."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मग तिने मोबाइलवर फोटो दाखवला आणि खालचा आकडा वाचून दाखवला. एका रात्रीचे नऊ हजार! गेली चोवीस वर्षं आकड्यांशी संसार केलेला मी माणूस, पण त्या नऊ हजारात दशांशचिन्ह कुठे आहे ते शोधत बसलो. कारण २००६ साली, लग्नानंतर तीन महिन्यांनी, याच बंगल्यात मी एका रात्रीचे तीनशे रुपये दिले होते. तेही घासाघीस करून. मूळ आकडा साडेतीनशे होता.

त्या मुक्कामाबद्दल आधी सांगायला हवं. २६ जुलै २००५ चा पाऊस आम्हा डोंबिवली-कल्याणच्या लोकांना कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. तळमजल्यावरची माणसं त्या दिवशी वरच्यांच्या घरी जी पाहुणी गेली, त्यांच्यातली काही नंतर व्याही झाली. त्याच पावसाने माथेरानच्या छोट्या गाडीचा मार्ग ठिकठिकाणी वाहून नेला आणि ती गाडी पुन्हा धावली थेट मार्च २००७ मध्ये. आमचा मधुचंद्र नेमका या दोहोंच्या मधे पडला. त्यामुळे कर्जत लोकलने नेरळ, नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका, आणि पुढे अडीच-तीन किलोमीटर लाल चिखलातून पायी, असा आमच्या सहजीवनाचा शुभारंभ झाला.

नाक्यावर एक म्हातारा हमाल आमच्या सुटकेसपाशी येऊन उभा राहिला. पन्नास म्हणाला. मी तीस म्हणालो. शेवटी तिसावर आला. नव्या बायकोदेखत वीस रुपये वाचवले म्हणून माझी छाती दोन इंच फुगली. सुटकेस डोक्यावर घेऊन म्हातारा पुढे, मी मधे, सौ. मागे, अशी वरात बंगल्याच्या फाटकाशी पोचली आणि तिथे कळलं, की बंगल्याचा राखणदार, स्वयंपाकी, पाणी तापवणारा आणि मॅनेजर ही सर्व पदं हाच म्हातारा सांभाळतो. खोलीच्या भाड्यातले पन्नास रुपये मी त्याच्याकडूनच पुन्हा कमी करून घेतले. एकाच माणसाशी एकाच तासात दोनदा घासाघीस करण्याचा विक्रम माझ्या नावावर असावा.

आम्ही त्यांना 'मामा' म्हणू लागलो. रात्री छप्पर गळायला लागलं. आधी एका जागी, मग तीन, मग सात. मामा बादल्या आणत होते, पातेली आणत होते, पलंग सरकवत होते. रात्री एकच्या सुमारास पलंग सरकवायला कोरडी जागा उरली नाही. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराशेजारची स्वतःची खोली आम्हाला उघडून दिली आणि आपण घोंगडी पांघरून व्हरांड्यात बसून राहिले. सकाळी मला जरा लाज वाटली. मी वीस रुपये पुढे केले. मामा म्हणाले, "राहू द्या साहेब. पाऊस काय तुम्ही आणला?"

मग मेहुण्याकडून मागून आणलेल्या रोलच्या कॅमेऱ्याने मी त्यांचा फोटो काढला. हातात बादली, शेजारी सौ., दोघंही हसताहेत. "फोटो पाठवा बरं का," मामा म्हणाले. "पाठवतो की," मी म्हणालो.

बँकेतला माणूस "पाठवतो की" म्हणाला, की पुढे काय होतं ते आपण जाणताच. तो फोटो एकोणीस वर्षं आमच्या आल्बममध्ये आहे.

आता, कुठेही जायचं ठरलं की त्या जागेविषयी वाचून घ्यायची मला खोड आहे. बी.कॉम.च्या माणसाला इतिहास म्हणजे मागल्या वर्षाची शिल्लक. ती पुढे ओढली की काम संपलं. ती उणीव मी लंच टाइममध्ये भरून काढतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तिथे बसून वाचताना माणसाला आपोआप विद्वान झाल्यासारखं वाटतं. माथेरानसाठी जुनं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढावं लागतं, १८८२ सालचा चौदावा खंड. कारण माथेरान तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं. पुढे कर्जत तालुका कुलाब्यात गेला आणि कुलाब्याचा १९८१ साली रायगड झाला. म्हणजे माथेरान जागचं हललं नाही, फक्त त्याच्या बदल्या झाल्या. अगदी बँकेसारखं.

तर, या माथेरानचा 'शोध' लावला ह्यू मॅलेट या साहेबाने. हे ठाण्याचे कलेक्टर. मे १८५० मध्ये त्यांचा तळ डोंगराखालच्या चौक गावी पडला होता. मे महिन्यात चौकला बसलेला माणूस वर डोंगराकडे बघणारच, त्याला कलेक्टर असावं लागत नाही. साहेब वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेच्या बाजूने खाली उतरले. वरची हवा त्यांना मानवली. परत येऊन त्यांनी वर घर बांधलं. आता 'शोध' म्हणायचं तर डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी ही मंडळी आधीपासून वावरत होतीच. पण आमच्याकडेही मी स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद ऑडिटरला सापडली की तिचा शोध ऑडिटरच्या नावावर जातो. तेव्हा साहेबाला दोष देण्यात अर्थ नाही.

मॅलेटसाहेबांच्या त्या पहिल्या घराचं नाव होतं 'बाइक'. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. ज्या गावात मोटारीला बंदी, स्कूटरला बंदी, जे गाव ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केलं, त्या गावातलं पहिलं घर 'बाइक'! नियतीला विनोदबुद्धी असते. फक्त ती आमच्या मासिकात लिहीत नाही.

पाठोपाठ कॅप्टन बार वगैरे मंडळींचे बंगले उठले. १८५५ च्या सुमारास खुद्द गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले आणि त्यांनीही जागा पसंत केली. साहेबाने जागा पसंत केली, की रस्ता आपोआप होतो, हा नियम तेव्हाही होता. पण माथेरानला खरा हात दिला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली, १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोचली आणि १८५६ पर्यंत नेरळवरून पुढे खोपोलीकडे गेली. मुंबईच्या घामेजलेल्या माणसाला नेरळपर्यंत बसून जाता येऊ लागलं. तिथून वर तट्टावरून किंवा पालखीतून. माणसं वाढली तसे बंगले वाढले, बंगले रिकामे राहू लागले तशी काहींची हॉटेलं झाली.

पालखीचा त्रास संपवला आदमजी पीरभॉय यांनी. पैसा त्यांचा आणि खटपट त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. १९०४ ते १९०७ अशी तीन वर्षं खपून नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे वीस किलोमीटरचा दोन फुटी मार्ग डोंगरातून वळवत वळवत नेला. खर्च सोळा लाख रुपये. आज डोंबिवलीत सोळा लाख घेऊन बिल्डरकडे गेलात तर तो "पाणी घेणार?" असं विचारतो आणि पाणीच देतो.

पण मला खरी रुतली ती एक बारीकशी गोष्ट. मॅलेटसाहेब पहिल्यांदा वर गेले तेव्हा वाट दाखवायला बरोबर चौकचा पाटील होता, असं सांगतात. मॅलेटच्या नावाने माथेरानात झरा आहे. शार्लटच्या नावाने तलाव आहे, लुईझाच्या नावाने पॉइंट आहे. पाटलाच्या नावाचा पॉइंट नाही. साधा दगड नाही. 'चौकचा पाटील', बस्स.

आम्हा बँकवाल्यांकडे याला एक खातं असतं. सस्पेन्स खातं. लोकांना वाटतं ही काहीतरी रहस्यकथा असावी. तसं नाही. दिवसअखेर रक्कम तर आलेली असते, पण कुणाची ते कळत नाही. नाव नाही, नंबर नाही. मग ती सस्पेन्समध्ये टाकायची आणि घरी जायचं. माझी लोकल ६ वाजून ४ मिनिटांची असल्यामुळे मी अशा कितीतरी रकमा निश्चिंत मनाने सस्पेन्समध्ये टाकल्या आहेत. त्या दिवशी मात्र ग्रंथसंग्रहालयातून बाहेर पडताना आठवलं, की मामांचं नावही मला ठाऊक नाही.

घरी येऊन मी गुपचूप आल्बममधून फोटो काढला आणि बॅगेत ठेवला. सौ.ने तो माझ्या आधीच काढून ठेवायला घेतला होता, हे मला जागा रिकामी दिसल्यावर कळलं. आमच्या घरात गुपचूप काही होत नाही ते असं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही निघालो. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनातून छोट्या गाडीत बसून वर पोचलो. माणसाने माणसाला ओढायची माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्येच दिला होता आणि गावात बोलणं होतं ते ई-रिक्षाचं. सामानासाठी मात्र हमाल लागतो. आमच्या नव्या सुटकेसला चाकं आहेत, पण ती विमानतळाच्या फरशीसाठी जन्मलेली. माथेरानचे दगड बघून त्यांनी मान टाकली. स्टेशनबाहेर हमालाने दोनशे सांगितले. मी "बरं" म्हणालो. त्याला माझा संशय आला. वाटेत तीनदा मागे वळून त्याने मी आहे ना, ते पाहून घेतलं.

बंगला ओळखू येईना. म्हणजे तोच होता. तोच व्हरांडा, तीच लाकडी जाळी. पण २००६ मध्ये तो दीडशे वर्षांचा दिसत होता. आता तो दीडशे वर्षांचा दिसावा म्हणून खर्च केलेला दिसत होता. हिशोबशास्त्रात घसारा नावाची एक गोष्ट असते. वस्तू दरसाल झिजते, तितकी तिची किंमत कमी करायची. त्या हिशोबाने हा बंगला केव्हाच शून्यावर यायला हवा होता. इथे प्रत्येक तड्याची किंमत वाढवून लावली होती. दारावरचा रंग मुद्दाम खरवडून जुना केला होता. आमच्या डोंबिवलीच्या दाराचा रंग फुकट खरवडलेला आहे; त्याला हेरिटेज म्हणतात हे ठाऊक असतं तर मी सोसायटीशी भांडलो नसतो.

आणि कोपऱ्यात ती बादली! पत्र्याची, कडेला पोचा आलेली. तिच्यात नेच्याचं झाड लावून वरून दिवा सोडला होता. ती मामांचीच बादली, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण सौ. तिच्यापाशी जाऊन थांबली आणि पोच्यावर बोट फिरवत राहिली.

मॅनेजर तरुण आणि फार सालस मुलगा. त्याने आम्हाला सरबत दिलं आणि भिंतीवरचा इतिहास दाखवला. "१८५० सर, मॅलेट. १८५५, लॉर्ड एल्फिन्स्टन. १९०७, टॉय ट्रेन. आणि हे आमचं नूतनीकरण."

"१९०७ नंतर आणि नूतनीकरणाच्या आधी?" मी विचारलं.

मुलगा क्षणभर भिंतीकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "त्यानंतर सर, चेक-इन दुपारी १२ ला."

हजरजबाबी होता. बँकेत असता तर आतापर्यंत ऑफिसर झाला असता. मी फोटो पुढे केला. "हे इथे होते. २००६ मध्ये. आम्हाला एवढंच ठाऊक आहे, की त्यांना मामा म्हणत."

"आम्ही ताबा घेतला तेव्हा बंगला रिकामाच होता, सर. पूर्ण नाव असतं तर विचारलं असतं कुणाला तरी."

बरोबर होतं त्याचं. काउंटरच्या या बाजूला बसून मीही रोज हेच वाक्य बोलतो. नाव नाही, नंबर नाही, तर मी काय करणार? पहिल्यांदाच काउंटरच्या दुसऱ्या बाजूने ते ऐकलं. ऐकायला फार वाईट लागतं.

खोली उत्तम होती. छप्पर गळत नव्हतं. गादी इतकी मऊ, की कूस बदलायला अर्ज करावा लागे. तरी झोप येईना. आम्ही व्हरांड्यात येऊन बसलो.

"त्या भिंतीवर कोतवाल नाहीत," सौ. म्हणाली. तिने ते वाचून ठेवलं होतं. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत तिचा विषय होता तो.

भाई कोतवाल माथेरानचेच. १ डिसेंबर १९१२ ला याच डोंगरावर, गरिबाघरी जन्मले. वकील झाले. आणि १९४२ च्या चळवळीत आझाद दस्ता उभा करून त्यांनी या आपल्या मुलखातले विजेचे मनोरे पाडले. मुंबईकडे जाणारी वीज तोडायची, म्हणजे सरकारची चाकं थांबतील, असा तो बेत. २ जानेवारी १९४३ ला मुरबाडजवळच्या सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर माणसं जमतात, नाव घेतात. भिंतीवर जागा नसली तरी त्या नावाचं अडत नाही. अडतं ते मनोरे न पाडणाऱ्यांचं. नुसत्या बादल्या उचलणाऱ्यांचं.

"नाव विचारायला किती वेळ लागला असता हो आपल्याला?" सौ. म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. भाव करायला किती लागला होता, ते मात्र मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना बाजारातून चाललो. चिक्की, चपला, पुन्हा चिक्की. एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाली साठीपुढची. सौ.ने काही न बोलता फोटो तिच्यासमोर धरला. बायकांना हे कसं सुचतं कोण जाणे; मी सकाळपासून नगरपालिकेत अर्ज कुठल्या नमुन्यात करावा याचा विचार करत होतो.

बाईंनी आधी हात पुसले. मग फोटो घेतला. मग पुन्हा हात पुसले.

"हा तर आमचा थोरला दीर."

मामा लॉकडाऊनच्या आदल्या पावसाळ्यात गेले होते. बंगला बंद झाल्यावर काही दिवस ते नाक्यावरच हमाली करत होते. मुलगा नेरळला असतो.

"घरात यांचा दुसरा फोटो असेल ना?" सौ.ने विचारलं.

"आधार कार्डावरचा आहे. पण त्यात तो कोण आहे ते त्या कार्डालाच ठाऊक. असा हसताना नाही कुठे." त्या फोटोकडे बघत राहिल्या. "ही बादली घेऊन रात्रभर नाचायचा बघा. पाहुणे झोपायचे आणि हा जागा."

मी पेन काढलं. स्वतःचं, बिनदोरीचं. बाईंना मामांचं नाव विचारलं आणि फोटोच्या मागे लिहिलं. आडनाव, नाव, वडलांचं नाव, खातं उघडताना लिहितात तसं, सावकाश, एकही खाडाखोड न करता. ते नाव इथे छापत नाही. खातेदाराची गोपनीयता पाळायची सवय आहे, आणि ते आता योग्य त्या घरात पोचलेलं आहे.

"एवढा कागद द्यायला इतकी वर्षं लागली व्हय?" बाईंनी विचारलं. रागाने नाही, खरंच कुतूहल होतं.

"मी बँकेत आहे," मी म्हणालो.

बाई इतक्या हसल्या, की पलीकडचा चपलावाला डोकावून गेला. त्या हसण्यात आणि फोटोतल्या हसण्यात कुठेतरी साम्य वाटलं. दिराचं आणि भावजयीचं साम्य कसं असेल, हे मलाही कळतं. पण वाटलं.

चहाचे चाळीस झाले. मी साठ ठेवले.

"वीस जास्त आले."

"जास्त नाहीत. मामांचे आहेत. जुने."

बाईंनी ते वीस रुपये निराळे, डब्याखाली ठेवले. आम्ही दहा पावलं गेलो असू. सौ. थांबली.

"अहो, आणि एकोणीस वर्षांचं व्याज?"

पुढचा अर्धा तास टपरीच्या बाकावर बसून मी चक्रवाढीने हिशोब केला. बाई नको नको म्हणत होत्या, चपलावाला दर सुचवत होता, आणि खालच्या गाडीची वेळ टळत होती. हिशोब जुळला तेव्हा बाईंनी आम्हाला पुन्हा चहा दिला. त्याचे पैसे मात्र काही केल्या घेतले नाहीत.

ते आता कुठल्या खात्यात टाकू, या विवंचनेत आहे.